खरखरीचं कारण

आमच्या इमारतीत मला सगळे 'इंजिनिअर' म्हणतात. मी इंजिनिअर नाही. पंपाच्या कारखान्यात भांडार सांभाळतो. बोल्ट किती शिल्लक, वॉशर कुठल्या कप्प्यात, एवढंच माझं विज्ञान. पण इथे राहायला आलो त्याच आठवड्यात जिन्यातला दिवा लागेना. मी तो नुसता पिळून घट्ट बसवला आणि तो लागला. त्या दिवशी जे नाव पडलं ते पडलंच. पहिल्या दिवशी दुरुस्त करायचं राहून गेलं. मग दुसऱ्या दिवशी कुणाच्या दारात जाऊन सांगणार, की काल आपण मला इंजिनिअर म्हणालात ते चुकून? असं करत अकरा वर्षं गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत मला लाज वाटायला जागा पुष्कळ आहेत आणि त्यातली ही सगळ्यात लहान आहे.

माझ्याकडे एक अ‍ॅम्प्लिफायर आहे, लग्नाच्या आधीचा. पत्र्याचा डबा, पुढे दोन बटणं आणि आत लोखंडाचा हा एवढा ट्रान्सफॉर्मर. एका हाताने उचलू म्हटलं तर कंबर धरते. गातो छान, पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तो 'घूं' करायचा. वीस वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. एका रविवारी माझा मेहुणा आला, सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, "भावोजी, पाहुणे आले की तो फ्रिज बंद करत चला ना."

"फ्रिज आतल्या खोलीत आहे," मी म्हणालो.

"मग हे काय घुमतंय?"

मी बटणाशी खुडबुडत राहिलो. बायको मात्र हसली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायको कुणाच्या बाजूने हसते यावरून माणसाने काही मनाला लावून घेऊ नये. पण मी घेतलं. घूं घालवायचीच, असं त्याच क्षणी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार माणूस सरळ होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा मला तो आगाऊ वाटला. त्याने तळहातावर मावेल असा एक सप्लाय, म्हणजे डब्याला वीज पुरवणारा भाग, काढून ठेवला आणि म्हणाला, "साहेब, एवढं लोखंड आता कोण वाहतं? हा स्विचिंग सप्लाय. मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ समजा. विजेचे सेकंदाला लाखभर तुकडे करतो, म्हणून लोखंड लागत नाही आणि घूंही होत नाही."

"आणि ते तुकडे बाहेर नाही ना सांडत?" मी गमतीने विचारलं.

"फिल्टरवाला घेतलात तर नाही सांडत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "तो दोनशेने महाग आहे. या स्वस्तातल्यात बघा, इथे कॉइलची जागा छापलीय, इथे कपॅसिटरची छापलीय. जागा आहेत, माल नाही. बाजूला तारेचा तुकडा टाकून काम भागवलंय."

मी बघितलं. खरोखर रिकाम्या चौकटी होत्या, त्यावर बारीक अक्षरात नावं होती. आता माझा व्यवसायच असा की रिकाम्या कप्प्याचं मला काही वाटत नाही. आमच्या भांडारात कित्येक कप्प्यांवर नुसत्या चिठ्ठ्या आहेत आणि कारखाना तरीही चालतो. शिवाय मी अकरा वर्षांचा इंजिनिअर. "हे सगळं मला सांगू नका हो," मी म्हणालो, "हाच बांधून द्या." तो 'बरं' म्हणाला आणि त्याने बांधून दिला.

तो बसवण्यात माझे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी डबा उघडताना एक स्क्रू सोफ्याखाली गेला, त्याला शोधायला सोफा हलवला आणि माझ्या पाठीत चमक भरली. दुसऱ्या रविवारी जोडणी झाली, पण सप्लाय चालूच होईना. नुसता 'टिक' करायचा, थांबायचा, पुन्हा 'टिक'. मी दार उघडं ठेवून काम करत होतो, ही चूक. कारण उघड्या दारातून सल्ले येतात. बँकेतले शेजारी म्हणाले, एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, आमच्याकडे सगळं त्यानेच सुटतं. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी कपडे द्यायला वर आल्या होत्या. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, "सुरुवातीलाच ओझं जास्त होतंय त्याला. माझं मशीन पण जाड कापड दिलं की असंच अडतं. थोडं कमी करून बघा."

मी हसलो. कसा हसलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या गेल्यावर मी आतले दोन मोठे कपॅसिटर काढून टाकले आणि सप्लाय पहिल्या फटक्यात चालू झाला. वहिनींना मी हे कधी सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारी पुढचं चालू-बंदचं बटण मोडलं, म्हणून मी तार थेट जोडून टाकली. आता डब्याची पिन भिंतीत असली की तो चालू. आवाजाचं बटण खाली केलं की झालं, वीज अशी कितीशी खाणार, असा माझा हिशेब होता.

पण काय शांतता! घूं साफ गेली. मी मेहुण्याला मुद्दाम बोलावलं, बँकेतल्यांना बोलावलं, खुर्च्या मांडल्या आणि काहीच न लावता सगळ्यांना ऐकायला बसवलं.

"काही ऐकू येतंय?" मी विचारलं.

"नाही," बँकेतले म्हणाले.

"नीट ऐका."

"नाही हो, खरंच काही नाही."

"बघा!" मी म्हणालो.

पाच मिनिटं आम्ही काहीच ऐकत नव्हतो. मग मेहुण्याने विचारलं, "भावोजी, आता एखादं गाणं लावता का?" त्याला मोठ्या गोष्टी कळतच नाहीत. बायको तेवढी म्हणाली, की डबा पुसताना हाताला मुंग्या येतात. मी तिला कापडाऐवजी पिसांचा झाडू वापरायला सांगितलं.

आता आमच्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळकाकांबद्दल सांगायला हवं, कारण खरी हकिकत त्यांची आहे. काका पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. आता डोळे गेल्यासारखेच आहेत. भिंग लावून जाड पेन्सिलीची मोठी अक्षरं तेवढी वाचतात आणि लिहितात. एकटे राहतात. सोबतीला सेलवर चालणारा एक जुना रेडिओ. तोही मिडियम वेव्हचा, कारण त्यांचं लाडकं छोटं केंद्र तिथेच लागतं. मी शांतता ऐकवली त्याच आठवड्यात काका काठी टेकत वर आले.

"इंजिनिअर," ते म्हणाले, "माझ्या रेडिओत खरखर येतेय. सेल नवे टाकले. रेडिओ खिडकीत ठेवून बघितला. सारखी येते. कढईत काहीतरी तळत ठेवल्यासारखी."

"वय झालं असेल," मी म्हणालो. "रेडिओचं."

"तसं असतं तर चाललं असतं. पण पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी सकाळी सव्वाआठला धाकटी बोलणार आहे."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. चाळीस वर्षं परिचारिका होती. कुठे कुठे लांबच्या दवाखान्यांत राहिली, आता निवृत्त आहे. केंद्राने तिला आठवणी सांगायला बोलावलं होतं. पंधरा मिनिटं. बोलणं आधीच नोंदवून झालं होतं, आता फक्त लागायचं होतं. मोबाइलवर हे केंद्र येत नाही, आणि केंद्राकडून नोंदवलेल्या बोलण्याची तबकडी मिळायची तर अर्ज करा, मंजुरी आणा, तोवर कुणाचं काय होईल.

"तिचा फोन आला होता," काका म्हणाले. "म्हणाली, दादा, शेवटी तुझ्याबद्दल बोललेय. तोंडावर मला कधी बोलता आलं नसतं. तेवढं ऐक." मग ते म्हणाले, "इंजिनिअर, तेवढं मला ऐकायचंय. तुम्ही बघा ना काहीतरी."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आता हे माझ्यावर सोपवा." हे वाक्य आठवलं की अजून मला पांघरूण डोक्यावरून घ्यावंसं वाटतं. माझ्या पाठीमागे, चार पावलांवर, तो डबा भिंतीत पिन घालून बसलेला होता.

काकांनी त्याच दिवसापासून वही सुरू केली. घड्याळ दिवसाला किती सेकंद मागे पडतं ते आठवडाभर लिहून काढल्याशिवाय त्याचं झाकण उघडायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. वहीत पाच रकाने: वार, वेळ, कार्यक्रम, खरखर, कारण. पहिले चार रोज भरायचे. पाचवा रिकामा राहायचा.

मी तपास हाती घेतला. पहिला संशय शिवणवाल्या वहिनींवर, त्यांच्या मशीनची मोटर जुनी आहे म्हणून. त्यांना एका शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती. मी त्यांना सकाळी मशीन बंद ठेवायला सांगितलं. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शास्त्रीय तपास आहे, घाई करून चालत नाही. बिचाऱ्या पंधरा दिवस सकाळी हाताने टाके घालत बसल्या. खरखर तशीच. मग मी बँकेतल्यांचे दिवे बदलायला लावले. मग पाण्याच्या पंपाची वेळ बदलली आणि सगळी इमारत दोन दिवस बिनआंघोळीची कामावर गेली. कुणी तक्रार केली नाही. काकांसाठी चाललंय, आणि इंजिनिअर करताहेत, म्हणून सगळे गप्प होते.

शेवटी मी तो प्रसिद्ध प्रयोग केला. खाली मीटरच्या पेटीपाशी मी स्वतः उभा राहिलो. वर काका सेलवरचा रेडिओ मांडीवर घेऊन बसले. मी एकेका घराचा मेन स्विच बंद करायचा, "आता?" असं ओरडायचं, काकांनी "आहे!" म्हणायचं. इमारतीत आठ घरं. सात बंद केली. सात वेळा "आहे!" आलं.

"आणि तुमचं?" शिवणवाल्या वहिनींनी विचारलं.

"अहो, काहीतरीच काय!" बँकेतले त्यांच्यावरच उखडले. "त्यांच्याकडे काय असणार? ते स्वतः इंजिनिअर आहेत."

मी नम्रपणे हसलो आणि पेटीचं दार लावलं. दुसऱ्या कुणाच्या इमारतीत असं झालं असतं का, कोण जाणे. आमच्याकडे लोक फार मान ठेवतात. "सिद्ध झालं," मी जाहीर केलं, "खरखर बाहेरून येतेय."

बाहेरून म्हणजे वीज कार्यालयाकडून. मी एक दिवसाची रजा टाकून तिथे गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "वीज येते का?"

"येते."

"कमी-जास्त होते?"

"नाही."

"मग तक्रार काय?"

"रेडिओत खरखर येते."

"रेडिओ आमचा आहे?" त्याने विचारलं. त्याच्याकडचा छापील फॉर्म मी वाचला. वीज नाही, वीज अपुरी, तार तुटली, खांब वाकला. खरखर नव्हती. 'इतर' होतं, पण 'इतर'ला वरिष्ठांची सही लागते आणि वरिष्ठ प्रशिक्षणाला गेले होते. तिथून मी रेडिओ केंद्रावर गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडून स्वच्छ निघतं. वाटेत काय होतं त्याला आम्ही काय करणार?" पुन्हा वीज कार्यालय. अर्ज लिहिला. खाली नावासमोर 'तांत्रिक सल्लागार, रहिवासी मंडळ' असं स्वहस्ते लिहिलं आणि पोच घेतली. ती पोच माझ्याकडे अजून आहे. फाडायचं धैर्य होत नाही आणि बघायचंही होत नाही.

आता रविवार दोन दिवसांवर आला. शुक्रवारी संध्याकाळी मी काकांकडे बसून त्यांना पोच वाचून दाखवत होतो. रेडिओ खरखरत होता. आणि एकदम, अगदी चाकूने कापावी तशी, खरखर थांबली. निवेदकाचा आवाज स्वच्छ खोलीभर झाला.

"गेली!" काका ओरडले. त्यांनी मनगट कानाला लावायच्या सवयीने उचललं, मग भिंगातून बघितलं. "सहा बेचाळीस. इंजिनिअर, गेली!"

"अर्जाची दखल घेतलेली दिसतेय," मी म्हणालो आणि छाती काढून वर आलो. बायको इस्त्री करत होती. इस्त्रीची पिन भिंतीत होती. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची पिन जमिनीवर पडली होती.

मी बराच वेळ त्या पिनेकडे बघत उभा राहिलो. बायको कपडे ठेवायला आत गेल्यावर मी इस्त्री काढली आणि डब्याची पिन घातली. खिडकीतून खालून काकांचा आवाज आला, "आली पुन्हा!" काढली. "गेली!" माणसाचा स्वतःवर किती विश्वास असावा? मी तिसऱ्यांदा घातली. "आली, आली!" काढली आणि जमिनीवर बसलो. लाखभर तुकडे, सेकंदाला. सांडत होते ते महिनाभर काकांच्या मांडीवर. दोनशे वाचवले होते मी.

सांगायला मी गेलो होतो. खरंच गेलो होतो, माझ्यावर विश्वास ठेवा. पण जिन्यातच बँकेतले भेटले, त्यांच्यामागे शिवणवाल्या वहिनी. काकांनी सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू," ते म्हणाले. बँकेतल्यांनी विचारलं, "नेमकं काय केलंत?" आणि माझ्या तोंडून निघालं, "वरच्या ऑफिसने दखल घेतली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. आता उद्यापासून मशीन लावते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी टाळ्या थांबवल्या नाहीत.

बायकोलाही सांगितलं नाही. "डबा बंद का?" तिने विचारलं. "विश्रांती," मी म्हणालो. "जळला का?" "छे! चांगला आहे." हे दोन शब्द पुढे मला फार महाग पडले.

रविवारी काकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दाढी करताना गालावर कापलं होतं, तिथे कापूस लावला होता. मला रेडिओशेजारची खुर्ची दिली, मानाची. मेहुणा मोबाइलवर सगळं टिपून ठेवायला आला होता. चारपाच जणी दारातूनच परत गेल्या. मी त्यांना बघितलं, पण लक्ष दिलं नाही.

सव्वाआठला कार्यक्रम लागला. आवाज इतका स्वच्छ, की धाकट्या ताई कागद उलटतात तेही ऐकू येत होतं. त्या नावेतून दवाखान्याला जायच्या त्याबद्दल बोलल्या, एका आजीने गोळ्या उशीखाली साठवल्या होत्या त्याबद्दल बोलल्या. सगळे हसले. काका हसले नाहीत. ते रेडिओकडे कान करून मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या हातात घड्याळ होतं. मग ताई म्हणाल्या, "आता जाता जाता एका माणसाबद्दल सांगते. तो माझा मोठा भाऊ. त्याला वाटतं मला काही माहीत नाही, पण ज्या वर्षी माझी फी भरायची होती त्या वर्षी दादाने..."

खर्रर्रर्र!

कढई पेटल्यासारखा आवाज झाला. काकांनी झटकन बटणावर हात नेला. कुणीतरी म्हणालं, रेडिओ फिरवा. मी फिरवला नाही. मी उठलो, बँकेतल्यांच्या पायावर पाय दिला, दारातल्या चपलांवर घसरलो आणि मोज्यांवरच जिना चढत धावलो.

वर आमच्या खोलीत त्या चारपाच जणी खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर माझा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला जोडलेला माझा रेडिओ पकडणारा जुना ट्यूनर, आणि दोन्ही स्पीकरमधून तीच खरखर मोठ्याने. बायको गोंधळून बटणं फिरवत होती. "अहो, खाली जागा नव्हती," ती म्हणाली. "म्हटलं आपल्याकडे ऐकवावं सगळ्यांना. तुम्ही एवढं केलंत काकांसाठी, म्हटलं तुमचंही कौतुक होईल. पण जोडेजोडेपर्यंत उशीर झाला, आणि हे असं काय करतंय?"

मी पिन खेचली. तारेसकट हातात आली. दारात पोचलो तेव्हा ताई म्हणत होत्या, "...तर असा आहे माझा दादा. नमस्कार." मग वाद्यं वाजली.

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती तार आणि पिन अजून माझ्या हातातच आहे.

शिवणवाल्या वहिनींनी पिनेकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. "इंजिनिअर," त्या शांतपणे म्हणाल्या, "ते वरचं ऑफिस आमच्या डोक्यावरच होतं का हो?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मेहुण्याने टिपलेलं लावून बघितलं. 'दादाने'च्या पुढे मिनिटभर नुसती खरखर, त्यात माझे जिन्यावरचे धप धप पाय. बाकी काही नाही.

"काय म्हणाली ती?" काकांनी विचारलं. "दादाने, आणि पुढे? कुणाला ऐकू आलं का?" त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून मान वळवली. कुणालाच आलं नव्हतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. जुना, तारेचा, आवाज खणखणीत. पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"दादा! ऐकलंस ना रे? शेवटचं ऐकलंस ना?"

काकांनी पन्नास वर्षांत कुणाला घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून दिलं नव्हतं. "ऐकलं," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ ऐकलं गं."

"मला वाटलं तू रागावशील."

"छे, रागावतो कशाला. फार छान बोललीस." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "हे आमचे इंजिनिअर इथेच आहेत. महिनाभर खपले माझ्या रेडिओसाठी. बोल त्यांच्याशी." आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुमचे फार आभार हो," ताई म्हणाल्या. "तुमच्यामुळे दादाला ऐकायला मिळालं."

'त्यात काय एवढं' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माझ्याकडे अशी वाक्यं कायम तयार असतात. पण काका समोर उभे होते. गालावरचा कापूस सुटून लोंबत होता आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "दादांना शेवटचं ऐकायला मिळालं नाही. माझ्यामुळे. खरखर माझ्या घरातून येत होती. मला शुक्रवारीच कळलं होतं, मी कुणाला सांगितलं नाही. इथे सगळे माझी वाहवा करत होते, ती मी घेतली." माझी लाज अशी एका दमात बाहेर पडली आणि खोलीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. बायको दारात येऊन उभी होती, तिनेही.

"म्हणजे दादा खोटं बोलला?" ताईंनी विचारलं.

"हो."

"माझ्याशी?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि मला वाचवायला."

"द्या त्याला फोन," ताई म्हणाल्या.

काकांनी फोन कानाला घट्ट दाबला, की पलीकडचं आम्हाला ऐकू येईना. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आम्ही एकेक करून बाहेर आलो, चपला हातात घेऊन. दार ओढून घेताना मला एवढंच ऐकू आलं, "नाही गं, तुला कुणी सांगितलं?... बरं, होतो मीच. पुढे?"

त्या मिनिटभराचं बोलणं तासभर चाललं. मी जिन्यात बसून होतो. येणारे-जाणारे बाजूने जात होते.

त्याच दुपारी मी जुना ट्रान्सफॉर्मर परत बसवला. घूं सुरू झाली. बायको दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. "मला तरी सांगायचं होतं," एवढंच म्हणाली. शिवणवाल्या वहिनींकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि गणवेशांचा गठ्ठा पुढे सरकवला. सध्या रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे बटणं लावतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझी सगळी बटणं उसवून पुन्हा लावायला लावली. त्यांचा टिकटिकीचा सल्ला बरोबर होता, हेही मी तेव्हा सांगून टाकलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मंगळवारी काकांनी बोलावलं. टेबलावर वही उघडी होती, शेजारी ती जाड पेन्सिल.

"रविवारचं कारण भरायचं राहिलंय," ते म्हणाले. "ते तुम्ही भरा."

मी वही पुढे ओढली. पान उलटताना त्या प्रयोगाचा दिवस लागला. काकांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'सात घरं बंद केली. खरखर कायम. एक घर राहिलं.' आणि कारणाच्या रकान्यात: 'विचारणं बरं दिसत नाही.'

"काका," मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कळलं नव्हतं, राहिलं होतं." काका भिंग पुसत होते. "इंजिनिअर, गिऱ्हाईक घड्याळ घेऊन यायचं. मी विचारायचो, पडलं होतं का हो? नाही म्हणायचे. आतला कणा मोडलेला स्पष्ट दिसायचा, तरी नाही म्हणायचे. सगळेच. मी काही बोलायचो नाही, दुरुस्त करून द्यायचो. पण हे काही मला दुरुस्त करता येईना, म्हणून लिहून ठेवलं."

मी पेन्सिल घेतली आणि रविवारच्या ओळीत, पाचव्या रकान्यात लिहिलं: 'मी.'

काकांनी भिंग लावून वाचलं. "मी म्हणजे कोण? वही माझी आहे. उद्या कुणी वाचलं तर म्हणेल म्हाताऱ्यानेच खरखर केली. नीट लिहा. कोण, कुठला, हुद्दा."

हुद्दा म्हटल्यावर माझा हात थांबला. एवढं सगळं झाल्यावर तेवढंच एक राहिलं होतं. "काका," मी म्हणालो, "मी इंजिनिअर नाही. मी भांडारात असतो. बोल्ट मोजतो."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तुमच्या कारखान्यातला हजेरीवाला माझं गिऱ्हाईक होता. त्यानेच सांगितलं होतं, दहा वर्षं झाली त्याला."

"मग तुम्ही मला इंजिनिअर का म्हणत राहिलात?"

"तुम्हाला आवडायचं," काका म्हणाले.

मी वही पुन्हा पुढे ओढली. मग 'मी' खोडला आणि लिहिलं: 'वरच्या मजल्यावरचा भांडारवाला. फिल्टर घेतला नाही.' काकांनी प्रत्येक अक्षरावरून भिंग फिरवलं, मान हलवली, वही मिटली आणि रेडिओ लावला.